पासंग

सकाळी सहाचा पिंजरा. आम्ही चाळीस जण, खांद्याला खांदा.
निकेलवाले आणखी खाली जातात;
मी आणि सात-आठ शास्त्रज्ञ दोन किलोमीटरवर उतरतो.
कानांना दडे. कुणी जांभई देतं, कुणी च्युइंगम चघळतं.
पुढे चिखलातून वीस मिनिटं पायपीट,
मग अंघोळ. सक्तीची. सडबरीची एवढीशी माती आत नेलेली चालत नाही.

माझं काम धूळ पुसणं.
पाइपांची वरची बाजू, केबलींच्या मागची,
जिथे कुणी बघत नाही ती.
देवळाएवढ्या दालनात चमचाभर धूळ सापडली
की केवढा बोभाटा!

इथे दोन शोध चालतात, दाराला दार लागून.
डावीकडे न्यूट्रिनो : येतात, जातात, कुणाला धक्का लागत नाही.
उजवीकडे कृष्णद्रव्य : ते येतं की नाही हेच अजून ठरायचंय.
दोन्हीकडे मीच पुसते.
बादल्या मात्र वेगळ्या.

फेब्रुवारीत डॉक्टर इसोकांगास आली. नुसत्या हिशेबांची बाई,
यंत्राला हात लावायची तिला परवानगी नाही.
डबा खाताना म्हणाली,
"ऑर्तांस, न्यूट्रिनोला वजन असायलाच नको होतं.
आमच्या पुस्तकात त्याच्यापुढे शून्य होतं.
तोललं तर निघालं. पासंगालाही पुरणार नाही इतकं,
पण शून्य नाही.
मग आलं कुठून?"

कागद आत आणता येत नाही, तंतू सुटतात.
तिनं बोट पाण्यात बुडवलं, स्टीलच्या टेबलावर सरळ रेघ ओढली,
रेघ मध्येच फुटली : एक कमान वर, एक खाली,
पुढे पुन्हा एकच रेघ.
"ही कमान अंधारातली.
न्यूट्रिनो हिच्यातून जातो. आत काय फिरतंय ते आपल्याला दिसत नाही.
बाहेर येतो तेव्हा तो अंधार
थोडा अंगी लागलेला असतो."

"खरं आहे हे?"

"जुळतं. जुळणं म्हणजे खरं नव्हे."

"आणि ते आतलं? ते का नाही बाहेर पडत?"

"एक नियम मानलाय. आपण सगळे अधिक, ते उणे.
एकट्या उण्याला मोडून नुसते अधिक होता येत नाही.
त्यातला सगळ्यांत हलका जो,
त्याला मोडायला वाटच उरत नाही. तो टिकतो.
तेच आपलं कृष्णद्रव्य असेल. असेल, म्हटलं मी."

मला पितळी बिल्ला आठवला.
एल्झेआर लाफ्लेश, माझा बाप, बिल्ला क्रमांक अकराशे सेहेचाळीस.
खाली जाताना लाल बाजू, वर आल्यावर पांढरी.
घरी यायचा तो साबणाचा वास घेऊन,
नखंसुद्धा स्वच्छ.
खाली काय असतं, विचारलं की म्हणायचा, "खडक."
चार मुलं, दोन म्हाताऱ्या, जळतं घर उबदार ठेवणारा कोळसा,
टेबलावरचा पाव, माझ्या पायातले बूट :
हे सगळं त्या एका शब्दातून आलेलं.
आम्ही कुणी तो शब्द उघडून पाहिला नाही.
आता त्याच खडकाच्या पोटात मी फडकं मारते
आणि मलाही घरी सांगायला तेवढंच सुचतं.

टेबलावरची कमान वाळत चालली होती.
तरी मी पुसली. नियम आहे.
फडकं माझ्या हातून सरळ कधी जात नाही, गोलच फिरतं,
हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला.
कुठल्याशा प्रयोगात काहीच सापडलं नाही, म्हणून
तिच्या आलेखाचा मधला भाग खोडला गेला.
"डोंगर पोखरून उंदीरही नाही!" मी म्हणाले, आणि जीभ चावली.
ती हसली. "एक कोपरा उरलाय गं."

कोपऱ्यांचं मला सांगू नकोस, बाई.

काळ्या खडकांवर ब्लूबेरी पिकल्या होत्या, फोनवर बोलता बोलता
मी डबा भरत होते.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला :
सातशे ग्रॅम, डब्यासकट.
डबा किती, ते मात्र
मी आधी तोलून ठेवलं नव्हतं.